सायकल झाली की जातो

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळतात, मी सायकली सांभाळायला लागलो. कुणाच्या परसात गंजून पडलेली, कुणाच्या जिन्याखाली जळमटं पांघरून बसलेली सायकल दिसली की मला राहवत नाही. मी स्कूटर थांबवतो, दार वाजवतो आणि विचारतो, "ही तुम्हाला हवी आहे का?" समोरचा माणूस आधी मला भंगारवाला समजतो. मग माझ्या चष्म्याकडे आणि इस्त्रीच्या शर्टाकडे बघून वेडा समजतो. ही दुसरी समजूत झाली की सायकल लवकर मिळते, असा माझा अनुभव आहे.

छावणीच्या अलीकडे आमची इमारत आहे. तिच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या मोटारीशेजारी मी माझा पसारा मांडलेला असतो. सायकल खोलायची, बेअरिंगचे छर्रे डिझेलात बुडवायचे, गंज पॉलिश पेपरनं घासायचा, डुलणाऱ्या चाकाच्या तारा आवळून ते सरळ फिरेल असं करायचं. झाली की शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोरीला नाहीतर रखवालदाराला देऊन टाकायची आणि पुढची शोधायला निघायचं. बायको म्हणते, "लग्नात माझ्या वडिलांनी तुम्हाला सायकल दिली नाही, त्याचा सूड उगवताय का?"

ज्यांनी दिली नाही, ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, करमाडला एकटेच राहायचे, माझी बायको त्यांची एकुलती एक लेक. गेल्या उन्हाळ्यात ओट्यावरून पाय घसरून ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या माणसाच्या लक्षात येईपर्यंत दिवसभर तिथंच पडून होते. ऑपरेशन झाल्यावर बायकोनं त्यांना दवाखान्यातून थेट आमच्या घरी आणलं. ते उन्हात पडून राहिलेले, हे तिच्या डोळ्यांपुढून हलतच नव्हतं. आता त्यांना एकटं राहू द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

मामांनी बरोबर उलटं ठरवलं होतं. लेकीकडं पाहुणा म्हणून यावं, आहेर करावा आणि निघावं, जावयाच्या घरात बापानं मुक्काम ठोकू नये, हा त्यांचा कायदा. रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की मला विचारायचे, "जावईबापू, करमाडची गाडी कितीला हाय?" मी खोलीत शिरलो की उठून उभं राहायची धडपड करायचे. जावई आल्यावर बसून राहणं त्यांच्या हाडात नव्हतं, आणि त्या हाडात तर आता स्टीलची सळई होती. म्हणून मी दारातूनच "बसा, बसा" असं ओरडत आत यायचो. शेजारच्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज पाहुणे येतात.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण मामा चालायला तयार नव्हते. आणलेल्या वॉकरवर त्यांनी पहिल्याच दिवशी टॉवेल वाळत घातला, दुसऱ्या दिवशी टोपी अडकवली, आणि आठवडाभरात तो आमच्या घरातली कपडे वाळत घालायची सगळ्यात कामाची दोरी झाला. काठीला तर हातही लावला नाही. काठी धरली की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आता ऐंशी ओलांडलेल्या माणसाशी यावर काय वाद घालणार?

"चालले नाहीत तर अंथरूण धरतील," बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आणि चालायला लागले तर करमाडला निघून जातील. मी देवाला मागू तरी काय?" मी खाली सायकलीकडे निघून गेलो.

त्याच दिवसांत मला खुलताबादची सायकल मिळाली. एका किराणा दुकानामागच्या पडवीत ती भिंतीला टेकून उभी होती. जुन्या घडणीची काळी, दणकट, मागं भला मोठा कॅरिअर, आणि कॅरिअरवर बांधलेल्या टोपलीत अंड्यांवर बसलेली एक कोंबडी. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "सायकल लेके जाओ सर, मेरे अब्बा की है, कोई चलाता नई. मगर मुर्गी कू मैं क्या बोलूँ?" कोंबडीनंही माझ्याकडे असं पाहिलं की मीच दोन पावलं मागं सरलो. शेवटी पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबायचं ठरलं. पिल्लं निघाल्याचा फोन आला तसा मी टेम्पो घेऊन गेलो आणि दौलताबादच्या घाटातून ती सायकल मांडीवर घेतल्यासारखी जपत खाली आणली.

पार्किंगमध्ये उतरवत होतो तेव्हा वरून आवाज आला, "ही मालाची सायकल हाय. हिचं पुढचं चाक उचलून फिरवून दावा." पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मामा कठडा धरून उभे होते. कित्येक दिवसांत त्यांनी करमाडच्या गाडीशिवाय दुसरं काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी चाक फिरवलं. "तिथून नाय दिसत," ते म्हणाले, आणि लिफ्टनं, लेकीचा खांदा धरून, खाली आले.

खाली आल्यावर त्यांनी लेकीचा खांदा सोडला आणि सायकलचं हँडल धरलं. दोन्ही हातांनी, नीट. चाक डुलतं की नाही ते बघायचं म्हणून सायकल जरा पुढं ढकलली. ती पुढं गेली म्हणून तेही गेले. मोटारीपासून गेटपर्यंत गेले, वळले आणि परत आले. नजर सगळा वेळ चाकावर. बायकोनं माझी बाही इतकी घट्ट धरली होती की शिवण उसवली.

"डुलतंय," मामा म्हणाले. "लई डुलतंय. तुमी करा नीट. सायकल झाली की मला सांगा. तिला एकदा बघतो आन मग जातो करमाडला."

पुढं मी जे केलं ते माझ्या हातून झालेल्या कामांतलं सगळ्यात देखणं काम होतं. नवे छर्रे, ताजं ग्रीस, तारा सतारीसारख्या लावलेल्या. चाकाला बोट लावलं तर चहा पिऊन होईस्तोवर फिरत राहायचं. मधल्या काळात मामा रोज खाली येऊन "बघू" म्हणत आणि हँडल धरून फेऱ्या मारत. पण काम जसजसं चांगलं होत गेलं तसतशी सायकल हातातून सुटायला लागली. एक दिवस गेटच्या उतारावर ती मामांना घेऊन धावतच निघाली. रखवालदारानं कॅरिअर धरला म्हणून बरं, नाहीतर दुसऱ्या खुब्याचाही सोहळा झाला असता. त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा चांगली चालणारी सायकल बिघडवली. मागच्या ब्रेकचं रबर रिमला घासेल असं आवळलं, एक्सल थोडा जास्त कसला. आता ती ढकलली तेवढीच जायची आणि भार टाकला तरी जागची हलायची नाही. मन दुखलं माझं, खोटं कशाला सांगू.

रंग वाळला, घंटी बसली. मामांनी सायकलीभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "झाली म्हना की. मग उद्याच्या गाडीनं निघतो."

बायकोनं त्यांच्या पाठीमागून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी पाना खाली ठेवला.

"झाली कुठं मामा? चाचणी राहिली की."

"कसली चाचनी?"

"रस्त्यावरची. जुनी गाडी आहे, कुठं काय वाजतंय ते रोज नेऊन बघायला लागतं. मला तेवढा वेळ नाही."

मला वेळच वेळ होता, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. मामा विचारात पडले. जावयाच्या घरी फुकट बसणं वेगळं आणि जावयाचं अडलेलं काम करून देणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर, टोपी, कोट अशा थाटात सायकल घेऊन बाहेर पडले.

त्यांच्या मागोमाग पहिले काही दिवस मी चोरासारखा लांबून चालायचो. रस्त्यातल्या लोकांना वाटे, आजोबांची सायकल पंक्चर आहे. जो तो पंक्चरचं दुकान दाखवायचा. मामांना हे फार आवडायचं, कारण पंक्चर झालेल्या माणसाला कुणी म्हातारा म्हणत नाही. हळूहळू ते छावणीच्या बाजारापर्यंत जायला लागले. तिथं त्यांची एका वयस्कर टेलरशी गट्टी जमली. दुकानाच्या फळीला सायकल टेकवायची, चहा घ्यायचा, गुडघेदुखीवर मराठीत आणि सरकारवर दखनीत बोलायचं, आणि जेवायच्या वेळेला घरी. घरी आले की मला अहवाल. "मागलं मडगार्ड खडखडतंय. बघा."

मडगार्ड खडखडायचं कारण आदल्या संध्याकाळी मीच त्याच्या बोल्टची चाकी सैल केलेली असायची. सायकल निर्दोष ठरली तर मामा निघाले, म्हणून रोज एक नवा दोष शोधणं भाग होतं. तो असा हवा की आवाज येईल पण धोका होणार नाही, आणि मामांना सापडेल पण लगेच नाही. गंज काढणं याच्यापुढं पोरखेळ आहे. कधी घंटीचा आवाज बसवायचो, कधी चेन कव्हरला लागेल अशी करायचो, कधी हवा थोडी कमी. संध्याकाळी मी पाना घेऊन निघालो की बायको स्वयंपाकघरातून हळूच विचारायची, "आज काय बिघडवताय?" आणि मी सांगितलं की समाधानानं पोळी लाटायला घ्यायची. इतक्या वर्षांत माझ्या सायकलींत तिनं एवढा रस पहिल्यांदाच घेतला.

पावसाळा सरता सरता मला तापानं गाठलं. अंग असं दुखायचं की कूस बदलताना मीच कुठं कुठं वाजतोय ते मोजत होतो. खाली जाणं शक्यच नव्हतं. म्हणून दुपारी मामा झोपलेले असताना बायको स्वतः पार्किंगमध्ये गेली आणि मोठ्या शौर्यानं एका काळ्या सायकलची हवा सोडून आली. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा पोस्टमन आपली सायकल ढकलत आणि कुणाला तरी शिव्या देत गेला, तेव्हा आम्हाला कळलं की काळ्या सायकली खूप असतात.

दुसऱ्या दिवशी मामा फिरून आले आणि सायकलीबद्दल काहीच बोलले नाहीत. जेवले. माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. "काही वाजतंय का मामा?" मी पडल्या पडल्या विचारलं. "नाय," ते म्हणाले. "गाडी एकदम बरोबर हाय." ते आत गेल्यावर बायको माझ्या उशाशी येऊन बसली. पदराचं टोक पिळत राहिली. मला स्वतःचाच राग आला. ताप यायला हाच आठवडा सापडला होता का?

पुढच्या सकाळी अंगावर शाल घेऊन, भिंत धरत, मी खाली उतरलो. ठरवलं होतं, मामा यायच्या आत निदान कॅरिअरची एक चाकी तरी ढिली करू. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आलो आणि थांबलो.

मामा माझ्या स्टुलावर बसले होते. हातात माझा पाना होता. मागच्या मडगार्डची चाकी त्यांनी थोडी सैल केली, मडगार्ड हलवून कान देऊन ऐकलं, आवाज पसंत पडला नाही म्हणून अजून थोडी फिरवली. पुन्हा हलवलं. आता खडखड नीट आली. मग पाना जिथं होता तिथंच, तसाच तिरका ठेवला, बोटं धोतराच्या आतल्या बाजूला पुसली, हँडल धरून उठले आणि गेटमधून बाहेर पडले. खडखड लांबवर ऐकू येत होती. मी पायरीवरच बसलो. मला रडू आलं, आणि तापामुळे आलं असं मी पुढं बायकोला सांगितलं.

दुपारी मामा माझ्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"जावईबापू, मागलं मडगार्ड पुन्हा वाजायला लागलं."

"हो का?"

"व्हय. लई वाजतंय. तुमी बरं व्हा आधी, घाई नाय." त्यांनी माझ्या अंगावरची शाल सारखी केली. "किती दिस लागतील तरी हिला?"

बायको दारात उभी होती. तिचं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं, नखांत ग्रीस काळंभोर बसलं होतं.

"जुनी गाडी आहे मामा," मी म्हणालो. "काही सांगता येत नाही."

"मग ऱ्हावंच लागंल," मामा म्हणाले, आणि लेकीकडं हात धुवायला पाणी मागितलं.