ताइफमधली बिनयीस्टची बिअर

पुण्यात असताना नवरात्र संपलं की मी घरी एक काळसर बिअर करायचो. दर वर्षी नवी कृती निवडायची, हा माझा हट्ट. पुढे बायकोला सौदी अरेबियातल्या ताइफच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि वर्षभराने मी मुलीला घेऊन इकडे आलो. सामानात कृतींची वही टाकली. इथे दारूला सक्त बंदी, तरी का टाकली, ते मलाही सांगता येणार नाही.

ताइफ डोंगरावर आहे. ऑक्टोबरात संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो, बाजारात डाळिंबांचे ढीग दिसतात. अशाच एका संध्याकाळी मी वही उघडून बसलो होतो. खालच्या मजल्यावरचा नागपूरकर आला. तो बायकोच्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये.

"भाऊ, नुसतं वाचता कायले? जव मिळते, साखर मिळते, पावाचं यीस्ट मिळते. आठ दिवसांत काम खलास. कोणाले कळते?"

मी हसलो, पण तो गेल्यावर मनात कृती ठरलीसुद्धा. बायकोच्या ते लगेच लक्षात आलं.

"पकडले गेलो तर काय होईल, माहीत आहे ना?" ती म्हणाली. "तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, माझ्या नोकरीवर आहे. नोकरी गेली की तिघंही विमानात. आणि तेही आधी तुरुंगात न जाता, नशीब असलं तर."

मला राग आला. तिचा नाही, तिचं खरं होतं याचा. दोन दिवस वही बंदच ठेवली. तिसऱ्या दिवशी वहीच्या नव्या पानावर लिहिलं: यीस्ट नाही. आंबवायचं नाही. बाकी सगळं करायचं.

मग मी इरेला पेटलो. जव तव्यावर भाजले, उकळले, गाळले, थंड करून बाटलीतला फसफसता सोडा घातला. पहिल्या खेपेला मुलीने घोट घेतला आणि तोंड वाकडं करून इथल्या शाळेतल्या हिंदीत ओरडली, "बाबा, ये तो जल गया है!" खरंच करपलं होतं. दुसऱ्या खेपेला मंद आचेवर भाजले, तर नुसतंच गोडमिट्ट सरबत झालं. बिअरचा कडवटपणा कुठून आणायचा? मेथी घालून पाहिली, वास आवडला नाही. संत्र्याच्या सालीचा कडवटपणा पुरला नाही.

शेवटी बायकोनेच आईने दिलेल्या औषधांच्या डब्यातून कडूजहर काडेचिराईत काढलं. "दोन काड्या टाक. जास्त नको."

दोन काड्या, अर्धे जव गडद भाजलेले, अर्धे फिके, आणि शेवटी डाळिंबाचा रस. पाचव्या खेपेला ग्लासात लालसर काळा रंग उतरला. घोट घेतला आणि मी खुर्चीत बसलो. बिअर नव्हती ती. पण जिभेच्या मागच्या बाजूला तो कडवटपणा बरोब्बर आला होता.

शुक्रवारी नागपूरकराला बोलावलं. त्याने ग्लास उजेडात धरला, हुंगला.

"चढत नाही?"

"नाही."

"मंग इतकी मेहनत कायले, भाऊ?"

त्याने ग्लास संपवला, मिशा पुसल्या आणि थोड्या वेळाने टेबलावरच्या काचेच्या भांड्याकडे हात नेत म्हणाला, "जरा अजून द्या." बायको माझ्याकडे बघून हसली. मी वही आणली आणि त्या पानावर खूण केली: या शरदाची हीच.