पिवळ्या रेघेच्या आत

शाळेच्या फाटकासमोर तंबाखू विकताना पकडला गेलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस मी. दर रविवारी विहारात नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणणारा, पोस्टातून रिटायर झालेला, सुपारीचंही व्यसन नसलेला मी.

आमची प्रज्ञा लातूरला डॉक्टरकी शिकते. तिला कंधारकडच्या एका शाळेत मुलांच्या तंबाखूच्या सवयीचा सर्व्हे करायचा होता. मी तिला नांदेडहून गाडीने घेऊन निघालो.

"पप्पा, तुम्ही फक्त गाडी चालवायची," ती म्हणाली. "बाकी काही करायचं नाही."

(हे ती मला ओळखून म्हणाली होती.)

पण तिच्या कागदावर मी 'धूरविरहित तंबाखूजन्य पदार्थ' असे शब्द वाचले होते. खेड्यातल्या लेकरांना हे कसं कळावं? नमुने दाखवले पाहिजेत. म्हणून मी आदल्या दिवशीच गुपचूप पानटपरी गाठली होती. खैनी, जर्दा, मिसरी, सुटी तंबाखू, चुन्याची डबी, सगळं थोडं थोडं घेतलं.

टपरीवाल्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "साहेब, घरी काही झालं का?"

शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. प्रज्ञा मुख्याध्यापिका मॅडमना भेटायला आत गेली. मी गाडीच्या बॉनेटवर पेपर पसरला आणि नमुने नीट मांडायला लागलो. मांडामांड मला इतकी आवडली की मी दोन पावलं मागे जाऊन बघितलीसुद्धा.

"काका, काय इकून राहिले?"

मागे एक किडकिडीत मुलगी उभी. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, गळ्यात शिट्टी. शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीची ती प्रमुख, शिवकांता, इयत्ता आठवी. हे मला नंतर कळलं.

"विकत नाही बाळ. दाखवायला आणलंय."

"आधी दाखवतेतच."

"अगं, मी पैसे घेणार नाही. फुकट आहे."

"पहिल्यांदा फुकटच देतेत."

माझं प्रत्येक उत्तर मला अजून खोलात नेत होतं. तिने रस्त्याकडे बोट केलं. तिथे शाळेने आखलेली पिवळी रेघ होती. "तिच्या आत तंबाखू आणायला बंदी हाय. तुम्ही शिकलेले दिसता. वाचता येत न्हाई का?"

आणि तिने शिट्टी फुंकली.

सगळी शाळा फाटकावर आली. शिपायाने माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली. मॅडम आल्या, मागोमाग प्रज्ञा आली.

"डॉक्टर, या माणसाला ओळखता?" मॅडमनी विचारलं.

प्रज्ञाने बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही" म्हणाली असती तर मी रागावलो नसतो.

"हो," ती म्हणाली. "माझे वडील आहेत."

"म्हणजे तुम्ही आत विचारणार आणि हे बाहेर वाटणार? मला असला सर्व्हे नको. या तुम्ही."

मी तोंड उघडलं, पण प्रज्ञाने हात वर केला. चूक आमचीच आहे, म्हणून तिने माफी मागितली आणि सगळा माल मॅडमच्या हवाली केला. मग ती शिवकांतापुढे वाकली. "एवढ्या मोठ्या माणसाला अडवताना भीती नाही वाटली?"

"लई वाटली," शिवकांता म्हणाली. "पण माझ्या भावाला असंच एका काकानी फुकट दिल्तं. आता त्याचं सुटत न्हाई."

मी बॉनेटवरचा रिकामा पेपर घडी करून खिशात ठेवला. मॅडमनी शिपायाला माझी किल्ली परत द्यायला लावली. मग म्हणाल्या, "घ्या सर्व्हे. पण हे वर्गात येणार नाहीत."

मला व्हरांड्यात शिपायाच्या स्टुलावर बसवलं. खिडकीतून प्रज्ञाचा आवाज येत होता. "कागदावर नाव लिहायचं नाही. तुमचे सर-मॅडम हे बघणार नाहीत. मघाशी मला पप्पांची लाज वाटली, तरी मी खरं बोलले. तुम्हीही खरं लिहा."

पोरं हसली. मग हसणं थांबलं आणि सगळ्या माना खाली गेल्या. मागच्या बाकावरचा एक उंच मुलगा पेन चावत बसला होता, तोही लिहायला लागला. माझी पोरगी इतकी मोठी कधी झाली, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं.

परतीच्या वाटेवर हिचा फोन आला. प्रज्ञाने स्पीकर लावला.

"कसा झाला गं सर्व्हे?"

"छान झाला मम्मी. शाळेपुढे एक तंबाखूवाला रंगेहाथ सापडला."

"अगं बाई. पप्पांना असल्या माणसापासून लांब ठेव. भोळे हायत ते."

मी गाडी चालवत राहिलो. त्या माणसापासून लांब राहायचा मी तेव्हापासून मनापासून प्रयत्न करतोय, पण रोज दाढी करताना तो समोर येतोच.