माकूल म्हणजे बराबर

माझं सगळं शिक्षण निजामी राजवटीत उर्दूतून झालं. पुढे राजवट गेली, शाळा मराठी झाल्या, आणि जालन्यात मस्तगडाजवळच्या एका शाळेत मी मराठीतून सृष्टिज्ञान शिकवू लागलो. घरात बोलायची मराठी वेगळी, पुस्तकातली वेगळी. शब्द अडला की मी अंदाज ठोकून द्यायचो. आव मात्र पंडिताचा.

पुस्तकात समुद्राचा धडा होता. समुद्र मीही पाहिला नव्हता आणि वर्गानेही. आमचं मोठं पाणी म्हणजे घाणेवाडीचा तलाव. माशांबद्दल चार ओळी झाल्यावर एक वाक्य होतं : ‘खोल समुद्रातील काळोखात माकूल प्रकाश देतो.’ उर्दूत माकूल म्हणजे योग्य, बेताचं. मी बेधडक सांगितलं, मासा तिथे माकूल, म्हणजे पाहिजे तेवढाच उजेड देतो. माकूल नावाचा प्राणीच असतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

मी तेव्हा तात्पुरता होतो. कायम होणार की घरी जाणार, ते डिप्टीसाहेबांच्या तपासणीवर होतं. साहेब आले ते नेमके कोकणातले. त्यांनी तोच धडा उघडला आणि दुसऱ्या बाकावरच्या, किराणावाल्या मारवाड्याच्या मुलीला विचारलं, “माकूल म्हणजे काय?”

“बराबर. जेवढा पाहिजे तेवढाच उजेड.”

साहेब पोट धरून हसले. “अगं, माकूल आम्ही कालवणात खातो. दहा हातांचा प्राणी तो. हे कुणी शिकवलं तुला?”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“कोनी न्हाई, साहेब. मीच ध्यान दिलं न्हाई.”

मी गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते. शेऱ्यात ‘शिक्षक मेहनती’ असं आलं आणि मी कायम झालो.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की काही माकूल पोटाकडून उजेड पाडतात. वरून जेवढा उजेड झिरपतो, बरोबर तेवढाच. त्यामुळे खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला त्यांची सावली दिसत नाही. म्हणजे मुलीचं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं.

पण तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी फळ्यावर दहा हात काढून वर्गाला माकूल नीट समजावला. ती उभी राहिली.

“मंग गुर्जी, काल माझं चुकलंच ना?”

“हो,” मी म्हणालो. “लक्ष देत जा.”