बाज्या भुंकला नाही

पाटसच्या अलीकडच्या आमच्या गावात सारजाबाई धनगरीण एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. बोलतानाही डोळे मेंढरांवर. सुगी झाली की तिचा मेंढरांचा वाडा अनसाबाईच्या रानात बसायचा. रानाला खत, सारजाला ज्वारी, आणि दोघींना बोलायला माणूस. अनसाबाई मराठ्यांची, विधवा. दोन मुली घेऊन दिराच्या घरात राहायची.

दोन हजार सालच्या ग्रामपंचायतीला धनगरांनी पहिल्यांदाच स्वतःचं पॅनेल उभं केलं आणि अनसाबाईचा दीर पोपटराव पडला. झालं. धनगराची मेंढरं कुणी रानात बसवायची नाहीत, असं त्याने पारावर बजावलं. घरात वेगळं बजावलं. "वहिनी, त्या बाईशी बोलताना दिसलात तर पोरी घेऊन माहेरी जायचं."

सारजाने वाडा कॅनॉलच्या कडेला हलवला. अनसाबाई सरपणाच्या निमित्ताने तिथे जायचीच. जाताना सारजाच्या बाज्या कुत्र्याला भाकरी न्यायची.

मग एका सकाळी पोपटराव माणसं घेऊन मेंढरं हाकलायला निघाला. अनसाबाईलाही त्याने पुढे घातलं. दोघी माझ्याकडे यायच्या, म्हणून समजवायला मी मागोमाग गेले, फुकट गेले. बाज्या सगळ्यांवर धावला आणि अनसाबाईच्या पायांत येऊन लोळला.

"वहिनी, कुत्रं लई वळखीचं दिसतंय," पोपटराव म्हणाला.

अनसाबाई पांढरीफटक पडली. सारजाने धोंडा उचलून बाज्याच्या पायावर हाणला.

"वळखीचं असणारच की. भाकऱ्या टाकून फितवलंय हिनं. माझी कोकरं कुठं गेली, ते हिलाच इचारा, पोपटआप्पा."

"तुझी खरजुली कोकरं कोण नेतंय गं?" अनसाबाईही कडाडली.

पोपटराव खूश. मेंढरं हाकलायचं राहिलंच. "चला वहिनी, कुणाच्या तोंडी लागताय."

अनसाबाईचं घर वाचलं. सारजाला मात्र चैन पडेना. रोज माझ्या दारात हजर.

"बाई, तिला कळलं असंल न्हवं?"

"जाऊन विचार की."

"कशी जाऊ? मग त्या धोंड्याचा काय उपेग?"

शेवटी मीच अनसाबाईला गाठलं. ज्वारी पाखडता पाखडता ती म्हणाली, "कळलं की. माझ्यासाठीच बोलली. पण चोर म्हणताना जरा तरी अडखळायचं, बाई."

हे मी सारजाला जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं मला जमत नाही. ती बाज्याच्या पायाला हळद लावत होती. तेवढ्यात कुत्रं हातातून निसटलं आणि लंगडत गावाच्या दिशेने निघालं.

सारजा धावली, मानगूट धरून त्याला मागे आणलं. "तिच्या दारात जाऊन लोळंल मेलं," म्हणाली.

मेंढरांमागचं कुत्रं कुणी बांधत नाही. सारजाने बांधलं.