आडनाव आधी

माझ्या चुलत दिरांइतका तापदायक सज्जन आखातातल्या अख्ख्या रास अल खैमात सापडला नसता. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाची निंदा नाही. फक्त मग्यार. नव्वदच्या दशकात त्यांच्या टाइल्सच्या कारखान्यात भट्टी बसवायला एक हंगेरियन मेकॅनिक आला, चार महिने राहिला आणि जाताना आपल्या मग्यार पूर्वजांचा सगळा इतिहास स्टोअरकीपर असलेल्या भाऊजींच्या डोक्यात ओतून गेला. हे लोक उरल पर्वताकडून निघाले, घोडे हाकत शेकडो वर्षं पश्चिमेला सरकले आणि सात टोळ्यांनी डोंगर ओलांडून हंगेरीत ठाण मांडलं, हे मला आमटीला फोडणी देताना ऐकावं लागे. "वहिनी, त्यांना हूण म्हणू नका," ते बजावत. मी त्यांना काहीच म्हणत नव्हते. "त्यांच्यात हेत म्हणजे सात आणि हेत म्हणजेच आठवडा. आपण सात दिवसांना आठवडा म्हणतो. मग पक्के कोण?" टोळ्यांनी सरदाराला ढालीवर कसं उचललं ते दाखवायला त्यांनी एकदा चार पाहुण्यांकडून माझ्या नवऱ्याला टीपॉयवर बसवून उचलवलं. नवरा वाचला, टीपॉय मोडला. मुलगी म्हणाली, "काका, डू इट अगेन."

हे सगळं मी सोसलं. पण माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: भूल उतरेल तेव्हा आई शेजारी असावी. तिच्या व्हिसाचा फॉर्म भाऊजींनी भरला. "टायपिंग सेंटरवाला आपला हबीबी आहे, दोन दिवसांत खलास." खलासच केलं. नावाच्या रकान्यात आडनाव, आडनावाच्या रकान्यात नाव. मुंबईच्या विमानतळावरून आईला परत पाठवलं. फोनवर ती म्हणाली, "अगं, ते म्हणतात ही मी नव्हेच."

मी भाऊजींना जाब विचारला. "वहिनी, शाळेच्या दाखल्यावर आपण आडनाव आधीच लिहितो. मग्यारही तसंच लिहितात. बाकीचं जग उलटं चाललंय."

"ते उलटं जग विमानतळाच्या काउंटरवर बसलंय, भाऊजी. आणि माझी आई घरी."

ऑपरेशन आईविना झालं. शुद्धीवर आले तेव्हा शेजारी नवरा होता, घड्याळ बघत.

भाऊजींनी नवा व्हिसा काढला, वर्षभराची साठलेली रजा टाकली आणि स्वतः मुंबईला जाऊन दहा दिवसांनी आईला घेऊन आले. दारात त्यांना काय सुनवायचं, ते मी पाठ करून ठेवलं होतं. आईने टाके बघितले आणि मला बोलूच दिलं नाही. "यांनी विमानात सांगितलं, त्या मग्यार लोकांतले काही मागे उरलकडेच राहिले होते. काहीशे वर्षांनी हंगेरीतले साधू त्यांना शोधत गेले. भाषा कळली म्हणे एकमेकांची."

"मी जेवून आलोय, वहिनी," भाऊजी मान खाली घालून म्हणाले. जेवले नव्हते. मी पान मांडलं. राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही.

"मग पुन्हा गेले का ते साधू?" आईने विचारलं.

"निघाले होते, काकू. वाटेतच कळलं, मंगोलांनी तिकडे कुणाला ठेवलं नाही."

"मग पहिल्यांदा तरी वेळेवर पोचले म्हणायचे," आई म्हणाली.

वेळेवर या शब्दावर मला बरंच बोलायचं होतं. मी भाऊजींना भात वाढला.