डोळ्याचं कुलूप

अमरावतीला राजापेठेत एका ड्रायक्लीनरच्या वर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि मालकाचा आत्मविश्वास. मालक अकोल्याचा, पण पुण्यात काही वर्षं काढून आलेला, त्यामुळे चहा मागवतानाही भाषण द्यायचा. त्याची कल्पना अशी की वऱ्हाडातल्या पोरी उन्हापायी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, चेहरा पाहून उघडणारा फोन त्यांच्या कामाचा नाही, तेव्हा डोळे पाहून उघडणारं कुलूप काढायचं. जग बदलेल म्हणे. जग सोडा, या माणसाला कूलरचं पाणी बदलणं जमत नव्हतं.

मी तिथे चाचण्या घ्यायला होते. मालकाचा हुकूम होता, प्रत्येकानं फोन उघडायचे जुने आकडे काढून आपलंच कुलूप लावायचं. मला ते जिवावर आलं. आमचं माळ्यांचं घर, बाबांची बडनेऱ्याच्या रस्त्याला भाजीची वाडी, राहायला दोन खोल्या आणि दाराला कडी नावापुरती. माझं स्वतःचं जे काही होतं ते फोनमध्ये होतं: दुसऱ्या जातीचा एक मुलगा, त्याचे मेसेज, आणि कोर्टात लग्न करायचा आमचा बेत. बाबांना ते भलत्या वाटेनं कळलं असतं तर माझं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं बंद झालं असतं. तरी माझा ठिपक्यांचा स्कार्फ बांधून लावलं कुलूप. नोकरी होती ना.

त्या कुलपाला डोळे शिकवायला आम्ही भर मे महिन्यात अकोल्याच्या एका कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून मुलींचे फोटो काढले. उन्हानं सगळ्यांचे डोळे मिटल्यातच जमा. पुढे फोन अडला की मालक म्हणायचा, "ऊन जास्त होतं." नाचता येईना, अंगण वाकडं! अकोल्याचा माणूस, आणि त्याला उन्हाचं नवल.

एका रविवारी दुपारी आई माझा ठिपक्यांचा स्कार्फ बांधून बाबांचा डबा घेऊन वाडीत निघाली होती. मी आंघोळीला गेले होते. फोन वाजला, मला द्यावा म्हणून तिनं उचलला, त्यात पाहिलं, आणि तो थेट त्या मुलाच्या मेसेजवर उघडला. मी बाहेर आले तेव्हा ती तशीच उभी. तोंड झाकलेलं, डोळे तेवढे दिसत होते.

"कोर्टात लगन करून राहिली तू? आमाले काऊन नाई सांगतलं?"

मी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"तुह्या बाबाले मी सांगत नाई. तू सांग. आजच."

डबा आणि स्कार्फ तिथेच ठेवून ती मागच्या अंगणात जाऊन बसली. मी तिला परत बोलावून फोन तिच्यासमोर धरला. नुसत्या चेहऱ्यानं उघडेना. स्कार्फ बांधला की उघडला. मग माझं डोकं फिरलं आणि तोच स्कार्फ मी पाण्याच्या माठाला बांधला. माठालाही उघडला! तेव्हा उजेड पडला. अकोल्याच्या फोटोंत प्रत्येक पोरगी आपापल्या एकाच स्कार्फात होती, आणि मिटलेल्या डोळ्यांपेक्षा स्कार्फाची नक्षी ओळखणं सोपं. मशीन तेच शिकलं होतं.

मी मालकाला फोन लावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण माठ कुठे फोन वापरतो?"

असल्या माणसाच्या हाती मी माझं सगळं आयुष्य दिलं होतं. मी फोन ठेवला. त्याच्याशी मी परत बोलले नाही.

संध्याकाळी बाबा आले आणि ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसले. आई घरातून बाहेर आलीच नाही. मी खाली मान घालून सुरुवात केली.

"खाली काय पाऊन राहिली?" बाबा म्हणाले. "माह्याकडे पाऊन सांग."

मी पाहिलं आणि सांगितलं, मुलाच्या जातीसकट. त्यांनी हातातली जुडी बांधून पुरी केली आणि उठून आत गेले. लग्नाला साक्षीदार म्हणून आई आली. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत.