पहिलं नाव खांडव्याचं

लोधीपुऱ्यात कुणाच्या हाती सरकारी कागद पडला, की माणूस तो घेऊन थेट पंडित मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसे. नवं राज्य झाल्यापासून तर तो ओटा रिकामा दिसतच नव्हता. काल नागपूरला होणारी कामं आज भोपाळला गेली होती आणि रहिवासाचा दाखला असो की पेन्शनीचा अर्ज, सगळं हिंदीत लिहायचं होतं. मास्तरांनी सत्तावीस वर्षं मराठीतून गणित शिकवलं होतं. आता बावन्नाव्या वर्षी ते दिवसभर हिंदीतून शिकवत आणि संध्याकाळी लोकांचे अर्ज भरत. डोळे चुरचुरत, मान अवघडे, पण नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. गावाला हे पक्कं ठाऊक होतं आणि गाव काही लाजत नव्हतं.

त्या जूनमध्ये घरचाच फॉर्म आला. थोरली मुलगी शारदा मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली होती. विद्यापीठ सागरचं, पण त्याची कॉलेजं ठिकठिकाणी. फॉर्मात पसंतीच्या क्रमाने गावं लिहायची होती. शारदाला सागरच हवं होतं, तिथल्या मुलींच्या वसतिगृहासकट. कारण तिने सांगितलं नाही, पण मास्तरांना कळत होतं. खांडव्याला आत्या होती. आत्याकडे शिकायला राहिलेल्या दोन चुलत बहिणी चुलीपुढून उठल्या त्या थेट बोहल्यावर चढल्या. पुस्तकं तेवढी कोरी परत आली होती.

ती आत्या, धुरपदाबाई, म्हणजे मास्तरांची विधवा थोरली बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली होती ती मृग लागला तरी इथेच होती. तिला अक्षरओळख नव्हती. मास्तर फॉर्म घेऊन बसले तेव्हा सुपारी कातरता कातरता तिने विचारलं, "पयलं नाव कोनाचं लिवतो रे, पंडित?"

लग्नाच्या आमंत्रणाची यादी करतात तेव्हा आधी देवाचं नाव आणि लगेच थोरल्या बहिणीच्या घराचं. मान द्यायचा, मानकऱ्याने "मला कशाला, आधी त्यांना" म्हणायचं, मग ज्याचं त्याला आपोआप मिळतं. मास्तरांनी सारा संसार याच रीतीने निभावला होता. त्यांनी पहिल्या ओळीवर खांडवा लिहिलं, दुसऱ्या ओळीवर सागर, आणि खाली तिथला पालक म्हणून बहिणीचं नाव.

"तुझंच, बाई."

शारदाने खांद्यावरून वाकून पाहिलं. आत्या पाणी प्यायला उठली तेव्हा ती हळूच म्हणाली, "अण्णा, तिथले लोक पसंतीचा नंबर बघतील का मार्क?"

"मार्कच बघतील. एवढे मार्क पाहून ते तुला सागरलाच बोलावतील." मास्तर दमले होते. दमलेल्या माणसाला आपलं म्हणणं चटकन पटतं.

विद्यापीठाला कुठला आलाय मानपान? महिन्याने पत्र आलं. जागा खांडव्याला मिळाली होती. शारदाने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून वडिलांच्या हातात ठेवलं. "साऱ्या लोधीपुऱ्याचे फॉर्म तुम्ही बरोबर भरता, अण्णा," एवढंच म्हणून ती पाण्याला गेली. मास्तरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांनी विनंतीचा अर्ज धाडला. उत्तर आलं: वसतिगृहात एक जागा आहे, मात्र खांडव्याच्या ज्या नातेवाइकाचं नाव पालक म्हणून दिलं आहे, त्यांची लेखी संमती आठ दिवसांत हवी. धुरपदाबाई तोवर पोरीची तयारी करायला म्हणून आपल्या घरी गेली होती. मास्तर शाईची डबी घेऊन खांडव्याच्या गाडीत बसले.

बाईने भिंतीला नवा चुना लावला होता. एक फळी रिकामी करून तिच्यावर कागद अंथरला होता. "हे तिच्या पुस्तकायसाठी," ती म्हणाली. मग भावाच्या हातातली डबी पाहून, "अंगठा कशाले?"

कॉलेजचा साधा कागद आहे, असं सांगायचं मास्तरांनी गाडीतच ठरवलं होतं. तिने आजवर भाऊ सांगेल तिथे अंगठा उठवला होता, आताही उठवला असता. म्हणूनच ते खोटं त्यांच्या तोंडून निघेना.

"बाई, शारदाला तुझ्याकडे नाही राहायचं. सागरला जायचंय. मला तेव्हाही ठाऊक होतं."

धुरपदाबाईने फळीवरच्या कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"मंग माह्यं नाव पयलं काहून लिवलं?"

"तुला राग येईल म्हणून."

"आला असता. दोन दिवस जेवली नसती मी. तिसऱ्या दिवशी पोरीसाठी लाडू वळले असते." तिने अंगठा डबीत दाबला, मग कागदावर. "तू मले येवढीबी वळखली नाही, पंडित."

अंगठ्याची शाई तिने फळीवरच्या कागदाला पुसली.

शारदा सागरला गेली. पुढच्या आखाजीला मास्तर बहिणीला आणायला गेले. तिने पाणी दिलं, चहा दिला, शारदाची खुशाली विचारली. चल म्हटल्यावर मात्र दर वेळी एकच म्हणाली, "मले कशाले? आदी दुसऱ्यायले ने."

मास्तर एकटेच परतले. ओट्यावर तिघेजण कागद घेऊन त्यांची वाट पाहत बसले होते.